गिरणीवाल्याच्या घरामागचं गटार

मुंबईच्या कॉलेजात भूगोल शिकत असताना, स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, शहरांच्या अभ्यासासाठी मी आमच्या कर्जतच्या बाजारपेठेचा नकाशा काढायला घेतला. तिथल्या भातगिरणीच्या मालकाने माझ्या वडिलांना जन्मभर पायरीखाली उभं ठेवलं होतं. त्याच्या घरामागून विहिरीकडे वाहणारं उघडं गटार मी पेन्सिलीने मुद्दाम ठसठशीत काढलं.

ते कळताच तो वडिलांना घेऊन आमच्या घरी आला.

"हा नकाशा सरकारात गेला तर हे गटार सायबांच्या नजरेला पडेल. पूस, पोरा."

वडिलांनी माझ्यापुढे हात जोडले. "पूस रं बाबा, आपल्याला हितंच ऱ्हायचं हाय."

मी दौत उघडली आणि दोघांदेखत ती रेघ काळ्या शाईने गिरवून कायमची पक्की केली. मालकाचा उतरलेला चेहरा मी डोळे भरून पाहिला. वडिलांकडे त्यानंतर पाहिलं; त्यांचे हात अजून जोडलेलेच होते.