सेव्ह न केलेला फलक

हिंगणघाटला बसस्टँडजवळ माझ्या ओळखीचा एकजण फ्लेक्सचे फलक बनवतो. दर ओळीनंतर मजकूर सेव्ह करतो आणि समोर बसलेल्यालाही दटावतो, "रॅममधलं लाइट गेली का गेलं. डिस्कवर उतरलं तेवढंच राह्यते." मला त्या उपदेशाचा कंटाळा यायचा.

परवा तो शेजारच्या पंक्चरवाल्या दोस्ताचा श्रद्धांजलीचा फलक करत होता. फोटो लागला, नाव लिहून झालं, आणि लाइट गेली.

"सेव्ह केलं होतं ना, भाऊ?" मी विचारलं.

"नाई," तो काळ्या पडद्याकडे बघत म्हणाला. "हात बटनाकडे जाऊन राह्यलता. पण सेव्ह केलं का पक्कं होऊन जाते ना."

थोड्या वेळाने लाइट आली, पंखा फिरू लागला. कॉम्प्युटर मात्र त्याने सुरू केला नाही.