एकोणनव्वद

इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला मराठी आकडे चाळीसपर्यंतच नीट येतात, पुढचे अंदाजाने. हे मी कॉलेजभर लपवलं. मग एका शनिवारी आईचा घसा बसला आणि सगळं उघडं पडलं.

बाबांची दारू सुटावी म्हणून डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. रोज सकाळी तलफ कमी करणारी गोळी, आणि दर शनिवारी घरच्यांसोबत व्यसनमुक्ती गटात बसणं. गोळी बाबा मुकाट घ्यायचे. गटात मात्र ते पंख्याकडे बघत बसायचे. निघताना ठरलेलं वाक्य, "गोळी चालूय ना, मग ह्या गप्पा कशाला?" नव्वद दिवस झाले की आपण येणार नाही, असं त्यांनी आईला बजावलं होतं. नुसत्या गोळीवर भागत नाही, असं डॉक्टर म्हणायचे. आईला धास्ती होती ती त्याचीच.

दारू सोडून किती दिवस झाले, ते घरच्यांपैकी कुणीतरी उभं राहून सांगायचं, अशी गटाची पद्धत. आमच्याकडून आई सांगायची. त्या दिवशी तिनं मला कोपरानं ढकललं. मोबाइलवर मी ८९ लिहून नेलं होतं. पंधरा-वीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "नव्याण्णव."

टाळ्या वाजल्या. आईनं कपाळावर हात मारला. चूक कळली आणि मला असं हसू फुटलं की ओढणी तोंडात कोंबली तरी थांबेना. समोर बसलेले, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हरकाका बाबांना म्हणाले, "पोरीनं दहा दिवस फुकट दिलेत दादा, घेऊन टाका." खोलीभर हशा झाला. बाबाही हसले, आणि हसता हसताच पहिल्यांदा उभे राहिले.

"दहा नकोत. एकोणनव्वद बी खोटंय. एकवीस."

तीन आठवड्यांपूर्वी, गटाला दांडी मारून ते एकटेच पैठणला लग्नाला गेले होते. तिथं जुन्या मित्रांनी ग्लास पुढे केला आणि बाबा प्यायले. घरी सांगायची हिंमत झाली नाही.

"गोळीनं तलफ कमी होती," बाबा म्हणाले, "पण दोस्ताला नाय कसं म्हणायचं, ते गोळी सांगत नाय."

गट चालवणाऱ्या समुपदेशक ताई रागावल्या नाहीत. हे डॉक्टरांना सांगा, गोळी चालू ठेवा, म्हणाल्या. मग 'नाय' म्हणायची तालीमच सुरू झाली. ड्रायव्हरकाका मित्र बनून ग्लासाऐवजी पाण्याची बाटली पुढे करत होते, आणि बाबा इतक्या अदबीनं नकार देत होते की काकाच ओशाळले. आईला आवाज नव्हता, हसताना तिचे नुसते खांदे हलत होते.

परतताना रिक्षात बाबांनी विचारलं, "पुढच्या शनिवारी किती होतील?"

"अठ्ठावीस," मी लगेच म्हणाले. चाळीसच्या आतला होता.

"मग तूच सांग तिथं."