मामांचं अकोल्यातलं जेवण

हॉटेलांची पारख माझ्या मोठ्या मामांइतकी अख्ख्या वऱ्हाडात कुणाला नव्हती. हॉटेलं चालवणाऱ्यांनाही नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. आणि खाण्याची हौस म्हणाल, तर ती काडीची नाही. भाकरीवर तिखट आणि वरून तेलाची धार पडली की त्यांचं जेवण झालं. तरी जवळजवळ वर्षभर, रविवार उजाडला की हा माणूस धुतलेलं धोतर, काळा कोट आणि खिशाला पेन अशा थाटात बडनेऱ्याहून पॅसेंजर धरायचा, अकोल्यातल्या हॉटेलांत खाऊन यायचा आणि दिवेलागणीला ओवा चावत दारात उभा राहायचा. मामी कपाळाला हात लावून म्हणायची, "लोकं देवाले जातात, आमचे हे भज्याले जातात."

मामा अमरावतीत एका सरकारी कचेरीत कारकून होते. राजापेठेच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या. त्यांत मामा, मामी, त्यांची शीला, तिच्या पाठचा बबन आणि शाळेसाठी गावाकडून आलेली मी. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला थोडीच वर्षं झाली होती. अकोल्याला मोठं प्रदर्शन भरणार, आकाशपाळणा येणार, माणसाला जाडा-बारीक दाखवणारे आरसे येणार, अशी बातमी आली आणि मामांनी ठरवलं की लेकरांना न्यायचं. पण त्यांना आकाशपाळण्याचं कौतुक नव्हतं. त्यांचं खरं म्हणणं दुसरंच होतं. लेकरांनी हॉटेलात जेवायचं, आत बसून जेवायचं, शेजारच्या टेबलावर जसं ताट तसंच आपलं ताट, आणि तुम्ही कोण असं कुणी विचारायचं नाही. बस, एवढंच. मामांनी लहानपणी हॉटेलाबाहेर उकिडवं बसून कान तुटलेल्या कपात चहा प्यायला होता, आणि तो कप स्वतः विसळून परत खिळ्याला अडकवला होता. कायदा झाला होता म्हणे. कायदा कागदावर होता आणि कप खिळ्याला होता.

मामी म्हणाली, "भाकरी बांधून नेऊ न. माया हातच्या भाकरीले काय झालं?"

"भाकरी तं जलमभर बांधूनच नेली," मामा म्हणाले. "आता नाही न्यायची."

हॉटेल तपासायची त्यांची तऱ्हा जगावेगळी होती. ते आत शिरायचे, थेट गल्ल्यापाशी उभे राहायचे आणि कुणी न विचारता सांगायचे, "नमस्कार. मी बौद्ध. एक चहा." जणू साखर कमी टाका म्हणून सांगावं. मग गल्ल्याच्या अगदी जवळचं टेबल धरून बसायचे आणि कप कुठून येतो ते पाहायचे. चहा पिऊन झाला की उठून त्या उष्ट्या कपाच्या मागेमागे मोरीपर्यंत जायचे, तो इतर कपांच्याच बादलीत बुडतो की नाही हे बघायला. एका ठिकाणी मालकाला वाटलं, हा कोट, हे पेन, ही मोरीची तपासणी, म्हणजे माणूस नगरपालिकेचाच. त्याने मलईचा चहा दिला, वर बालूशाही दिली, पंखा यांच्याकडे फिरवला. मामांनी ते हॉटेल नापास केलं. "साहेबाले देल्ला चहा तो. तो मोजाचा नाही," म्हणाले. दुसऱ्या एका मालकाला बौद्ध हा शब्दच ठाऊक नव्हता. त्याने आदराने विचारलं, "ब्रह्मदेशातून आले का जी?" तेही नापास. मात्र सगळ्यांत जास्त हॉटेलं नापास झाली ती एका प्रश्नावर. बौद्ध म्हटलं की मालक क्षणभर बघायचा आणि हळूच म्हणायचा, "ते ठीक. पण पहिले कोन?" हे ऐकलं की मामा चहा न पिता परत. नाव न सांगता गपचूप जेवून घ्यावं, असं मामीने एकदा सुचवलं, तर मामा म्हणाले, "चोरून काहून खावं? आपन का चोर हाओ?"

अखेर एक हॉटेल पास झालं. प्रदर्शनाच्या मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, संगमरवरी टेबलांचं. गल्ल्यावर एक तरुण असायचा. मामांचं "मी बौद्ध" ऐकून त्याने मानही वर केली नव्हती, नुसतं "बसा न, काका" म्हणाला होता. मामा पुन्हा गेले, परत गेले, पुरी-भाजी खाऊन आले, साधं ताट खाऊन आले, पोट बिघडवून आले. दर वेळी इतरांचाच कप, इतरांचीच बादली. मग घरी आमची तालीम सुरू झाली. घरात टेबल नव्हतं, म्हणून सामानाचं खोकं पालथं घालून त्याच्याभोवती आम्हाला बसवलं. शीलाला मांडी घालायची सवय, बबनचं नाक खोक्यापाशी यायचं. मामा खांद्यावर फडकं टाकून वाढपी व्हायचे आणि बजावायचे, "पानी मांगाचं नाही. हाटेलात पानी आपोआप येते." बबनला ते इतकं आवडलं की तो घरीही पाणी मागेना, नुसता वाट बघत बसायचा.

आम्ही निघालो तो दिवस गुरुवार होता. कचेरीला सुट्टी होती म्हणून. मामांची सगळी पाहणी रविवारची, आणि एवढ्या हुशार माणसाच्या हे ध्यानातच आलं नाही, की रविवारी म्हातारा मालक शेतावर जातो म्हणून त्याचा मुलगा गल्ल्यावर बसतो.

वाढप्याने मामांना ओळखलं. आम्हाला मधलं टेबल दिलं, पाणी आपोआप आलं, ताटंही लगेच आली. वरण, भात, वांग्याची भाजी, गरम पोळ्या. मामीने हातावरचं गोंदण पदराखाली घेतलं आणि ती खुर्चीच्या टोकावर बसली. शीला मांडी न घालता बसली. बबनने भाताचा घास तोंडात घातलासुद्धा. मामा तेवढे गल्ल्याकडे गेले होते. तिथे त्यांना म्हातारा दिसला. कुणी काही विचारलं नव्हतं, बरं का. ताटं पुढ्यात होती. त्या एका दिवशी हा माणूस गप्प बसला असता तर. पण मामांनी हात जोडले आणि नेहमीच्याच आवाजात सांगितलं, "नमस्कार. आमी बौद्ध. पाच ताटं."

म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिलं. "पहिले कोन?"

मामांकडे या प्रश्नाला उत्तर होतं, घरी त्यांनी ते कितीदा म्हणून दाखवलं होतं. त्या दिवशी त्यांनी नुसतं वळून आमच्याकडे पाहिलं. म्हातारा वाढप्याला म्हणाला, "या लोकायची ताटं उचल. बाहेरच्या बाकावर दे." रागाने नाही म्हणाला, रोजच्या कामासारखं म्हणाला.

मामा टेबलापाशी आले. बबनच्या तोंडात घास तसाच होता, गाल फुगलेला. मामांनी वाकून त्याच्या तोंडात बोट घातलं, तो भात बाहेर काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. "चला," म्हणाले. बबनला आधी काही कळलंच नाही. रस्त्यावर आल्यावर त्याने भोकाड पसरलं. मला वाटलं, आमचंच काही चुकलं, आम्ही नीट बसलो नाही.

प्रदर्शन मात्र त्यांनी चुकवलं नाही. मैदानावर उकडलेल्या शेंगा खाल्ल्या आणि आकाशपाळण्यात बसलो. पाळणा वर गेला तशी शीला बोट दाखवून म्हणाली, "बाबा, ते पाहा, आपलं हाटेल." मामा म्हणाले, "हो." आरशांच्या तंबूत मामा बारीक दिसले, जाडे दिसले, वाकडे दिसले, आणि आम्ही हसलो. तेही हसले. परतीच्या गाडीत मामी हळू आवाजात म्हणाली, "आज नसतं सांगतलं तं?" मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मंग ते जेवन माया लेकरायचं नसतं झालं. दुसऱ्या कोनाचं तरी झालं असतं." त्यानंतर त्यांनी हॉटेलाचं नाव काढलं नाही.

पुढे मी शिक्षिका झाले, अमरावतीतच घर केलं, आणि म्हातारपणी मामा-मामी पुष्कळदा माझ्याकडे जेवायला असायचे. तेव्हा मामांना एक नवीच खोड लागलेली दिसली. ताटं वाढली की ते हाताने माझ्या मुलांना थांबवायचे, स्वतः पहिला घास घ्यायचे, चावायचे, आणि दाराकडे बघत राहायचे. बराच वेळ. मग मान हलवायचे आणि मुलं तुटून पडायची. मुलांना वाटायचं आजोबा मनातल्या मनात वंदना म्हणतात. धाकटा तर त्यांच्याबरोबर डोळे मिटून हात जोडून बसायचा. मी त्याला कधी खरं सांगितलं नाही. एखाद्या दिवशी मामांचं बघणं फारच लांबायचं, वरण निवून जायचं. मग मामी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, "अवो, पोरीचं घर हाये. इथं कोनी येत नाही. जेवू द्या लेकरायले."