विकण्यासाठी बांधलेलं बाथरूम

नारपोलीतला आमचा फ्लॅट विकून कल्याणला जायचं ठरलं, तेव्हा एजंटने घर पाहून मान हलवली. "भाभी, घर अच्छा है, लेकिन अटॅच नहीं है. आजकल सबको अटॅच चाहिए." वळ गावाच्या बाजूला गोदामांसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, ते लोक तेव्हा भिवंडीत फ्लॅट बघत फिरत होते. त्यांच्या गावाकडच्या नव्या घरांत म्हणे खोलीगणिक बाथरूम होतं. माझ्या नवऱ्याला तेवढं पुरलं. आतल्या खोलीचा कोपरा भिंत घालून तोडायचा आणि तिथे संडास-बाथरूम करायचं, असं त्याने एजंट जिन्यावरून उतरायच्या आत ठरवलं.

मी विचारलं, "अहो, पण पाइप कुठून नेणार?"

"नेऊ कुठून तरी. आपल्याला थोडंच राहायचंय?"

हे वाक्य मी नंतरच्या काही महिन्यांत इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे नवऱ्याने तोंड उघडायच्या आत मला ते ऐकू यायचं.

पाइप नेला तो स्वयंपाकाच्या ओट्याखालून. सांडपाण्याचे पाइप खाली उतरतात तो डक्ट पलीकडच्या भिंतीला होता, त्यामुळे दुसरा रस्ताच नव्हता. गवंडी म्हणाला, लादी वर उचलावी लागेल, नाहीतर ढाळ मिळणार नाही. नवरा म्हणाला, लादी उचलली तर खोली ठेंगणी दिसेल. लादी तशीच राहिली. भिंतीला गुलाबी टाइल्स लागल्या, आरसा लागला, साबणाची शिंपल्याच्या आकाराची डिश लागली. खिडकी नव्हतीच. पंखा बसवला, पण लोडशेडिंगमध्ये तो बंद, आणि लोडशेडिंग तर रोजचंच.

कोणी आत पाणी सोडलं की माझ्या ओट्याखाली गुळगुळ व्हायची. मी पोळ्या लाटत असायचे आणि पायाशी ते वाहत असायचं. कधी अडायचं, मग थोड्या वेळाने एकदम सुटायचं. वास कणकेला लागतो असं मला वाटायला लागलं. सासूबाई म्हणायच्या, "तुझं नाकच तिखट." त्या स्वतः मात्र ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जेवायला बसू लागल्या. मी फिनेल ओतायचे, तर फिनेल आणि घाण यांचा मिळून जो वास होतो तो नुसत्या घाणीपेक्षा वाईट.

आमच्या खालच्या घरात एक म्हातारी राहायची. अंबाडीकडच्या खेड्यातली, मुलगा पॉवरलूमवर शिफ्टला जायचा. ती एकदा वर आली, दारातच उभी राहिली.

"बाय, तुमचं पानी आमच्या चुलीवर येतंय गं."

नवरा पेपर वाचत होता. "बघतो, मावशी," म्हणाला. ती गेल्यावर मला म्हणाला, "पांढरा रंग मारून देऊ तिला. आपल्याला थोडंच राहायचंय?"

ती पुन्हा आली. पुन्हा तेच उत्तर. मग मीच खाली गेले.

तिच्या स्वयंपाकघरात छताला निळी ताडपत्री बांधलेली होती, एक टोक खिडकीच्या गजाला, बाकीची खिळ्यांना. मध्ये पोट आलं होतं आणि त्यात पिवळट पाणी साचलं होतं. वरून थेंब पडत होता. खाली गॅसवर तिची डाळ शिजत होती. मी काही बोलायच्या आत तिने चहा टाकला.

मी कप हातात घेऊन बसले. पिववेना.

"पी, बाय," ती म्हणाली. "झाकून केलाय. घान न्हाय त्यात."

तिला वाटलं, मला तिच्या घराची किळस आली. मला आमची आली होती, आणि हे तिला कोणत्या तोंडाने सांगावं ते कळेना. मी चहा प्यायले. वर येऊन नव्या बाथरूमला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. नवरा चिडला, पण गिऱ्हाईक येईपर्यंत वापरायचं नाही एवढं त्याने कबूल केलं. त्याला वाटलं, मी ते नवं राहावं म्हणून जपतेय.

मग वळचं एक जोडपं आलं. नवऱ्याने माझ्याकडून किल्ली घेऊन, कुलूप काढून टाइल्स दाखवल्या, दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला. बाईने भिंतीला हात लावून बघितलं आणि मला विचारलं, "गळत-बिळत न्हाय ना कुठं?"

"नवीन काम आहे," नवरा हसत म्हणाला, "जरा ओल असतेच."

मी म्हणाले, "खालच्या घरात जाऊन बघा."

ती दोघं खरंच गेली. परत वर आली नाहीत.

त्या संध्याकाळी नवरा ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "तुला काय मिळालं?" मी म्हणाले, "म्हातारीच्या डाळीवर आपला संडास गळत होता. तो झाकून घर विकणाऱ्या माणसाच्या ताटाला ताट लावून जेवायची मला शिसारी येते." सासूबाई आतल्या खोलीतून ऐकत होत्या.

आठवड्याने एजंट आला. वळच्या त्या बाईने निरोप पाठवला होता: घर पसंत आहे, पण ते बाथरूम तोडून, पाइप काढून, खोली होती तशी करून द्या, खालच्या बाईचं छतही नीट करा. भाव पहिल्यापासून जो चालला होता तोच. बाथरूमचा वरचा एक पैसा नाही.

तोडायला दोन माणसं लागली. ओट्याखालचा पाइप उपसला तेव्हा आत घट्ट झालेलं जे होतं ते पाहून नवरा गॅलरीत निघून गेला. मी आणि सासूबाईंनी बादल्यांनी जिना धुतला. खालचं छत गवंड्याने खरवडून नव्याने गिलावा केला. म्हातारी तेवढे दिवस आमच्याकडे आपला स्वयंपाक करायला यायची. सासूबाईंशी तिची चांगली गट्टी जमली.

कल्याणच्या घराच्या वास्तुशांतीला नवऱ्याचा एक मित्र नवं घर बघत विचारत होता, जुना फ्लॅट इतक्या लवकर कसा काय गेला?

"आम्ही दुसरं बाथरूम काढलं ना," नवरा म्हणाला. "अटॅच असलं की भाव येतोच."

मी वाढत होते. श्रीखंडाची वाटी त्याच्या ताटाजवळ ठेवली आणि पुढच्या पानाकडे गेले.