रंगूनचे अंतर

मरणाच्या दारात असलेल्या आईशी मी खोटे बोललो, हे आधीच सांगून टाकतो. सोलापुरात भूगोल शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली होती आणि त्याच घमेंडीत माझ्या हातून हे घडले. आईला न्यूमोनिया झाला. आठवडा निघणे कठीण, असे डॉक्टर म्हणाले. धाकटा भाऊ रंगूनला एका लाकडाच्या कंपनीत कारकून होता. "त्याला तार कर," आई सारखी म्हणे. मी शाळेच्या नकाशावर बोटीच्या मार्गावर दोरा धरला, मैल मोजले, त्यात आगगाडीचे दिवस मिळवले. दहा दिवसांच्या आत तो पोचत नव्हता. मग परमुलखात त्याच्या जिवाला घोर कशाला, असे ठरवून मी आईला सांगितले, "केली तार." ती निवांत झाली आणि वाट पाहू लागली.

दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी अंगारा आणायला अक्कलकोटला गेलो. स्वामींच्या मठात शेजारी एक म्हातारा विणकर बसला होता, सोलापूरचाच, तेलुगू वळणाचे मराठी बोलणारा.

"कोण आजारी हाय, मास्तर?"

अनोळखी माणसापुढे मन मोकळे होते. मी सारे सांगितले. भावाचे नाव, त्याची कंपनी, माझे दहा दिवससुद्धा.

"इमान जातंय की," तो म्हणाला. "आमच्या जावयाचं पत्र त्यातनंच येतंय. सकाळी रंगूनला बसला की दिवस मावळायला कलकत्ता."

"विमानात साहेब बसतात, बाबा. कारकून नव्हे."

"तुमी इचारलं व्हय त्याला?"

मला राग आला. साडेसहाशे मैलांचे अंतर एका दिवसात, आणि हे मला मागावर बसणाऱ्याने शिकवावे? अंगाऱ्याची पुडी खिशात घालून मी उठलो.

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी दारात टांगा थांबला आणि भाऊ उतरला. टपालाच्या विमानात एक जागा रिकामी होती, साहेबाने शब्द टाकला, असे काहीसे तो सांगत होता. मला नीट ऐकूच येत नव्हते. "दादा, तुझी तार वेळेवर आली," म्हणून त्याने ती खिशातून काढली. खाली माझे नाव होते. त्या म्हाताऱ्याला मी माझे नाव सांगितल्याचे मला आजही आठवत नाही. पुढे महिनाभर विणकरांच्या वस्तीत त्याला शोधले. तो भेटला नाही.

आईने भावाचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मग मला जवळ घेऊन म्हणाली, "तुझ्यामुळं भेटला रे." तो आशीर्वाद मला सोसवेना. गप्प राहिलो असतो तर कुणाला काही कळले नसते. स्वामींनी माझी लाजही झाकली होती. दोन दिवस मी तसाच वावरलो. आपल्या मापात जे बसत नाही ते होणारच नाही, असे मी आयुष्यभर धरून चाललो होतो. आपण फक्त हाक घालायची, पोचवणारा वेगळा असतो, एवढे मला तेव्हा उमगले. तिसऱ्या दिवशी तिचा श्वास जड झाला. भाऊ उशाशी बसला होता. त्याच्यादेखत मी तिच्या पायांवर डोके ठेवले.

"आई, ती तार मी केली नव्हती. मी तुला फसवलं. मला क्षमा कर."