माळ्यावरचं ऊन

काकाजींच्या घरी मिस्त्री यायचा तो फक्त चहा प्यायला. काम करायला त्यांनी कधी कुणाला उंबरा ओलांडू दिला नाही. नळ, पंखा, कुलर, काहीही बिघडलं की ते बाह्या सरसावत आणि म्हणत, "आपनच करू ना गा! त्याच्यात काय हाये?" त्याच्यात काय आहे ते नंतर काकूंना कळायचं. पंख्याचं बटण दाबलं की देवघरातला दिवा लागायचा.

शाळेत ते चित्रकला शिकवत. त्यामुळे प्रत्येक कामाचा आधी नकाशा निघे, आणि तो इतका देखणा असे की पुढे काम करूच नये असं वाटे. मी शेजारी. माझ्याकडे शिडी धरण्याचं खातं होतं.

नागपूरला लागून असलेलं आमचं बेसा तेव्हा भराभर वाढत होतं. काकाजींच्या कवेलूच्या छपराच्या बैठ्या घराला खेटून सात मजली इमारत उभी राहिली आणि भरदुपारी स्वयंपाकघरात दिवा लावायची वेळ आली. त्यात बांधकामाची धूळ. काकू भिवापूरच्या, माहेरची मिरची अंगणात वाळवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्या वर्षी मिरचीवर सिमेंट बसलं. इमारतीचा बिल्डर फ्लॅटच्या बदल्यात हे घर मागतच होता. काकूंनी जाहीर केलं, "बिल्डरले हो म्हना. या अंधारात मी नाही राहत बापा!"

काकाजींचा चेहरा उतरला. घराचा प्रत्येक कोपरा त्यांनी स्वतःच्या हातानं बिघडवलेला होता, त्यामुळे जीव अडकला होता. शिवाय फ्लॅटमध्ये भिंतीला खिळा ठोकायलाही परवानगी लागते, असं त्यांच्या कानावर आलं होतं. "पाडव्यापर्यंत थांब वं," ते म्हणाले. "घरात उजेड नाही आला तं सही करतो."

आणि त्यांनी माळ्यावर, थेट छपरालाच खिडकी बसवायचं ठरवलं. नागपुरात माणसं उन्हापासून तोंड लपवतात, हा गृहस्थ त्याला घरात बोलवायला निघाला. वाडीच्या भंगारवाल्याकडून एका जुन्या ट्रकची काच आली, कपाटाच्या दाराची चौकट झाली, पाणी थोपवायला वरच्या कडेसाठी पत्रा वाकवला गेला. नकाशा तर फ्रेम करावा असा होता.

घोटाळा एवढाच झाला, की नकाशा काढला अंगणातून छपराकडे बघून, आणि काम करताना काकाजी बसले आढ्यावर, वळचणीकडे तोंड करून. मांडीवरच्या कागदाची वरची बाजू आता वळचणीकडे होती. मी खालून ओरडलो, "काकाजी, कागद उलटा तं नाही?"

"नकाशा कोनं काढला गा? म्या का तुनं?"

मी शिडी आणखी घट्ट धरली.

माळ्याच्या दोन फळ्या काढल्या तेव्हा उन्हाचा लख्ख चौकोन थेट ओट्यावर उतरला. काकूंनी त्यात हात धरला, उलटा सुलटा करून बघितला आणि मिरची माळ्यावर नेली. तिथे ना धूळ, ना वानरं. बिल्डरला नकार कळवला.

मे महिन्यात माळा इतका तापला की काचेवर वाळ्याची ताटी टाकून पाणी मारावं लागलं. अर्थातच ती चढवायचो मी. घरात पुन्हा अंधार झाला. काकाजी म्हणाले, "उजेड हायेच ना गा. फक्त झाकून ठेवला."

पावसाळ्यात ते खालच्या खाटेवरून वर बोट दाखवत. "एक थेंब नाही! मिस्त्री असता तं गळली असती." गुडघ्यांमुळे त्यांचं माळ्यावर जाणं बंद झालं होतं. मी एकदा मिरचीचं पोतं आणायला वर गेलो, तर काचेच्या कडेखाली, उरलेल्या फळ्यांवर भलामोठा गंज, म्हणजे पातेलं, पाण्यानं अर्धं भरलेलं. तळाशी फडकं घातलेलं, थेंबाचा आवाज होऊ नये म्हणून. मागून काकू आल्या. "त्याईले नोको सांगू," एवढंच म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात काकाजी गेले. बिल्डरचा माणूस पुन्हा येऊन गेला. काकूंनी त्याला ओट्यावरचं ऊन दाखवलं आणि वाटेला लावलं. मला वाटलं, आता तरी त्यांची ओल्या माळ्याच्या कटकटीतून सुटका करावी. म्हणून मीच एक मिस्त्री आणला. त्यानं खिडकी पाहिली आणि हसू दाबत म्हणाला, "कोनं बसवली हो? उलटी हाये. आत्ता सरळ करून देतो."

काकू मिरचीचे देठ खुडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "राहू दे बापा. इतके पावसाळे त्याईले कळू नाही दिलं, आता कायले?"

मला त्या क्षणी काकाजी फार आठवले. मिस्त्री चहा पिऊन गेला.