बसमधली बांगड्यावाली

सेलू-पाथरी बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर रोज एक बांगड्यावाली बसायची. फोनवर कुणा परदेशी बाईशी इंग्रजी बोलायचा सराव करायची. भाजी कुठली केली, कपडे वाळले का, असलंच. वाक्यागणिक चुकायची आणि कपाळावर हात मारून हसायची. माझा जळफळाट व्हायचा. मी वीस वर्षं इंग्रजीचा मास्तर, पण इंग्रजीत असं कुणाशी कधी बोललोच नव्हतो. ती अडावी म्हणून कान देऊन बसायचो. ती अडायची नाही.

एकदा मागं वळून म्हणाली, "सर, तुमी इंग्रजी शिकवता म्हणं. बोला की माझ्यासंगं. चुकलं तर सांगा."

"माझा स्टॉप आला," म्हणालो आणि अलीकडच्याच फाट्यावर उतरलो.

शाळेपर्यंत चालताना तिच्याशी बोलायची वाक्यं मनात जुळवत होतो. व्याकरणाची एकही चूक नव्हती.